मशेरीची डबी

कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरात एक आजी राहत. नवऱ्याला स्वदेशी मिलमध्ये नोकरी लागली तेव्हा त्या साताऱ्याहून इथे आल्या आणि मशेरीची सवयही सोबत आली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी त्यांची खात्री होती.

घरात सात वर्षांचा नातू. रात्री चहा-बटर, चॉकलेट खाऊन तो तसाच झोपायचा. आजी रोज ओरडत, "अरे, दात घासून ये, किडतील!"

एके रात्री तो म्हणाला, "तू कुठे ब्रश करतेस? मी पण तुझ्यासारखीच मशेरी लावणार."

सकाळी त्याने खरोखरच चिमूटभर मशेरी हिरड्यांना चोळली. थोड्याच वेळात त्याला गरगरलं, घाम फुटला, उलटी झाली. सुनेने त्याला उचलून दवाखाना गाठला. आजीही मागोमाग गेल्या. पोरगा सावरला, पण तपासताना एक किडलेली दाढ दिसली आणि त्यांना दंतवैद्याकडे पाठवण्यात आलं.

"दुधाची असेल, पडेल आपोआप," आजी म्हणाल्या.

"नाही आजी, सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे येते ती ही कायमची दाढ. ही गेली तर दुसरी येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "झोपेत लाळ कमी सुटते. दातांना चिकटलेल्या गोडाचं जंतू आम्ल करतात आणि ते दात पोखरतं. म्हणून रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं घासणं. नंतर फेस थुंकून टाकायचा, खळाखळा चुळा भरायच्या नाहीत."

मग त्यांनी आजींनाही तोंड उघडायला लावलं. मशेरी लावायच्या जागी हिरड्या खाली सरकल्या होत्या, गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

"आजी, मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत, तंबाखूची तल्लफ तेवढी भागते. अशा चट्ट्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. तंबाखू घातलेली पेस्ट आणि दंतमंजन बनवायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. घरातला तवा मात्र तुम्हालाच बंद करावा लागेल. आणि चट्टा वेळोवेळी दाखवायला या."

आजींनी त्याच दिवशी डबी कचऱ्यात टाकली. सुरुवातीला डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची. तल्लफ आली की त्या बडीशेप तोंडात टाकत. रात्री जेवणं उरकली की मऊ ब्रश घेऊन स्वतः आधी मोरीत जाऊन उभ्या राहत. नातू न सांगता शेजारी येऊ लागला. इतकी वर्षं ओरडून जे जमलं नव्हतं, ते आता जमलं.

तात्पर्य : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मुलांना चांगली सवय लावायची असेल, तर ती आधी मोठ्यांनी स्वतःला लावावी.