शेवटच्या गाडीनंतरचं विद्यापीठ

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या कॉलेजात दुपारी तीननंतर वर्गावर उभं राहिलं की एक गोष्ट लगेच कळते. बाकांवरची निम्मी मुलं मनानं स्टँडवर पोचलेली असतात. कुणाला दहिवडीच्या गाडीत जागा धरायची असते, कुणाला जतच्या. पाटणच्या डोंगरातल्या वाडीची गाडी चुकली तर पुढची नसतेच. मग प्रॅक्टिकलची शेवटची नोंद तशीच सोडून एखादी मुलगी सॅक उचलते, "सर, गाडी आहे" म्हणते आणि सरही काही बोलत नाहीत. तेही आपल्या काळात असेच निघालेले असतात.

लहान शहरांतल्या उच्च शिक्षणाबद्दल बोलणं निघालं की नॅकची श्रेणी, प्लेसमेंट, रिकाम्या जागा हे विषय येतात. यायलाच हवेत. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं न भरता तासिका तत्त्वावरच्या तरुणांच्या जिवावर विभागच्या विभाग चालवायचे, हा सरळसरळ अन्याय आहे. पण मला त्याच्याही आधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शिकणारा मुलगा, शिकणारी मुलगी रात्री कुठे राहते? कुणाबरोबर जेवते? संध्याकाळी सहा ते दहा या वेळात तिच्या वाट्याला काय येतं? कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत विद्यापीठाचा प्रश्न मुळात मुक्कामाचा प्रश्न आहे, असं मला वाटतं. आणि तो शंभर वर्षांपूर्वी इथेच एका माणसानं ओळखला होता.

भाऊराव पाटलांनी हायस्कूलच्या आधी बोर्डिंग काढलं. हा क्रम नीट पाहायला हवा. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथे आधी उभं राहिलं ते वसतिगृह. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. महाराजा सयाजीराव हायस्कूल आलं १९४० मध्ये आणि छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये. म्हणजे साताऱ्यात आल्यावर जवळजवळ सोळा वर्षं संस्थेचं तिथे स्वतःचं हायस्कूल नव्हतं, पण खेड्यातून आलेल्या पोराला पथारी टाकायला जागा आणि पुढ्यात ताट होतं. शिकवायला गावात इतर शाळा होत्या. अडत होतं ते राहण्या-जेवणाचं.

भाऊरावांना हे अनुभवातून कळलेलं होतं. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच आत यायला सांगण्यात आलं. त्यांनी ते मानलं नाही आणि बोर्डिंग सुटलं. शाळेत काय शिकवतात याइतकंच राहण्याच्या जागेत काय शिकवलं जातं याला वजन असतं, हे त्यांना तिथे उमगलं असणार. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहिली, पाळीपाळीनं चुलीपुढे बसली आणि एका पंक्तीला जेवली ती त्यामुळेच. १९२०-३० च्या दशकात, तेही जिल्ह्याच्या गावी, हे किती अवघड होतं याचा अंदाज आज आपल्याला सहज येणार नाही.

मुलांना जेवू घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कर्मवीर जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट येते, सभागृह गहिवरतं आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मला वाटतं, इथे जरा थांबायला हवं. ते सोनं गेलं कशात? ज्वारीत, डाळीत, तेलामिठात. त्या घरानं जेवण हा शिक्षणाचाच खर्च धरला होता. त्या बोर्डिंगात वाढलेल्या गरीब घरच्या मुलांपैकी एक, पी. जी. पाटील, पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्या ज्वारीचा हिशेब असाही मांडता येतो.

योगायोग असा की सांगलीचं विलिंग्डन कॉलेजही १९१९ चंच. ते पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, म्हणजे त्याचं कुळ वेगळं. पण तेही गावाच्या गर्दीबाहेर, सांगली आणि मिरजेच्या मधल्या विश्रामबागेच्या माळावर वसलं. दक्षिण महाराष्ट्राच्या जोडीनं कर्नाटकातलीही मुलं तिथे येत. कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक तिथे होते. रं. श्री. मुगळी यांनी तिथे वर्षानुवर्षं कन्नड शिकवलं आणि कन्नड साहित्याचा इतिहास लिहिला, ज्याला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कन्नड वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा माणूस सांगलीच्या कॉलेजात शिकवत होता, ही गोष्ट सांगलीकरांनी अभिमानानं सांगायला हवी. १९४७ मध्ये विश्रामबागेतच अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, ते आजचं वालचंद. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. ते विलिंग्डनला शिकले, मग मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले आणि कबड्डीही गाजवली. साताऱ्याच्या मुलानं सांगली-मिरजेत घडावं असा एक रस्ता तेव्हा होता. त्यासाठी पुणं गाठायलाच हवं, असं नव्हतं.

मग खेडोपाडी कॉलेजं निघाली. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि सातारा-सांगलीची कॉलेजं त्याला जोडली गेली. तालुक्याच्या गावी पदवी मिळू लागली, हे फार मोठं काम झालं. त्यात उणं काढणाऱ्यानं आधी माण-खटावच्या, आटपाडी-कवठेमहांकाळच्या एखाद्या घरात जाऊन पहिली पदवीधर मुलगी पाहून यावी. पण या विस्तारात मुक्काम सुटला. बहुसंख्य विद्यार्थी जाऊन-येऊन शिकणारे झाले. त्यांचं वसतिगृह म्हणजे एसटी.

या एसटीनं काय काय केलं, हे एकदा कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. रात्री वाडीवर मुक्कामाला गेलेली गाडी पहाटे निघते आणि वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर पोरं गोळा करत शहरात येते. जी मुलं शहरात खोली करून राहिली, त्यांचा डबाही तिनंच आणला. सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लागली की माणसं उतरायच्या आधी डबे उतरत. तीन पुड्यांचे, जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या फडक्यात बांधलेले, झाकणावर रंगानं किंवा खिळ्यानं कोरलेलं नाव. आत भाकरी, कोरड्यास, एका कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी. कधी भाकरीच्या घडीत दहाची नोट, कधी चिठ्ठी : म्हैस व्याली, आजी बरी आहे, परीक्षेला किती पैसे भरायचे ते कळव. उन्हाळ्यात कालवण आंबून जाई, तरी पोरं ते खात. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जाई आणि तो धुतलेला असावा याकडे आईचं लक्ष असे. न धुतलेला डबा म्हणजे पोरगं आजारी तरी आहे किंवा वाया तरी चाललं आहे. ओळखीचा कंडक्टर डब्याचं भाडं मागत नसे. आता मेस झाल्या, हातात मोबाइल आले, डबे कमी झाले. पण त्या फडक्यात बांधलेलं शिक्षण घेऊन निघालेली एक सबंध पिढी आज शिक्षक, तलाठी, फौजदार आणि डॉक्टर म्हणून काम करते आहे.

मात्र डबा पोट भरतो, संध्याकाळ भरत नाही. वर्ग संपल्यावर ग्रंथालयात उगाच रेंगाळणं, आपल्या शाखेबाहेरच्या कुणाशी वाद घालणं, नाटकाच्या तालमीला बसणं, शिक्षकाबरोबर चहा घेत पुस्तकाबद्दल बोलणं हे सगळं शेवटच्या गाडीनंतर सुरू होतं. नालंदाच्या अवशेषांत चौकाभोवती भिक्षूंच्या खोल्यांच्या रांगा दिसतात, राहणं आणि शिकणं तिथे एकाच आवारात होतं. आमच्या मुलांना पदवी मिळते, पण ही वेळ मिळत नाही. मुलींच्या बाबतीत तर घरची अटच असते : उजेडाच्या गाडीनं घरी ये. त्या अटीच्या बळावर मुलगी शिकते, म्हणून त्या अटीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या अटीपोटी तिचं काय काय जातं, तेही दिसतं.

खोली घेऊन राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. विश्रामबागेत, सदर बझारात, गोडोलीत कॉट बेसिसवर खोल्या मिळतात. एका खोलीत चार कॉट, भिंतीला खिळे, खिळ्यांना सॅका, बादल्यांवर ऑइलपेंटनं लिहिलेली नावं. विट्याकडच्या पोराचे वडील गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत असतात. ते तिकडून पैसे पाठवतात, घरमालकाशी फोनवर बोलतात आणि पोरगं कसं राहतं ते दिवाळीला आल्यावर बघतात. पोरं जुळवून घेतात, एकमेकांच्या आजारपणात जागतात, परीक्षेच्या रात्री एकाच नोट्सवर चौघं अभ्यास करतात. यात खूप चांगलं आहे.

पण खोली बघायला गेल्यावर दारात पहिला प्रश्न येतो : आडनाव काय? तो कधी सरळ येतो, कधी "गाव कुठलं, पाहुणे कुठले" असा वळसा घेऊन. उत्तर ऐकल्यावर काही ठिकाणी खोली कालच गेलेली असते. हे सोसलेले विद्यार्थी मला भेटले आहेत. ते त्याबद्दल फार बोलत नाहीत, दुसरी गल्ली धरतात. मुसलमान मुलांना तर आधीच ठाऊक असतं की कुठल्या गल्लीत विचारायचं नाही. शंभर वर्षांपूर्वी याच साताऱ्यात ज्या प्रश्नाला बोर्डिंगनं उत्तर दिलं, तो प्रश्न राहण्याची सोय बाजारावर सोपवल्याबरोबर उंबऱ्यावर परत येऊन उभा राहिला. मला या साऱ्या विषयातली सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच वाटते. शासनाची स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यांचा आधार खरा आहे. पण भत्त्याचे पैसे हातात असले तरी दार उघडेलच असं नाही, आणि उघडलं तरी आत वेगळ्या घरातला सोबती भेटेल असंही नाही. आपापल्या गावची, आपापल्या भावकीची पोरं एकत्र खोली करतात आणि तीन वर्षं शहरात राहूनही गावातच राहतात.

संध्याकाळची ती पोकळी आता अभ्यासिकांनी भरली आहे. दोन्ही शहरांत त्या गल्लोगल्ली आहेत. फळ्यांनी आखलेलं टेबल, डोक्यावर दिवा, चार्जिंगला जागा, भिंतीवर "शांतता राखा". स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे, आणि घरात एकच खोली असलेल्या मुलाला ते टेबल किती मोलाचं वाटतं तेही मी पाहिलं आहे. तरीही सांगावंसं वाटतं की वयाच्या एकविसाव्या वर्षी माणसानं संध्याकाळी बोलायला हवं. कॉलेजच्या ग्रंथालयाचं दार पाचला बंद होतं, म्हणून पैसे भरून गप्प बसण्याची जागा घ्यावी लागते.

जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, कॉलेजातलं काय आठवतं? दोन उत्तरं हमखास येतात. एक, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर. दुसरं, युवा महोत्सव. शिबिरात शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर झोपायचं, सकाळी फावडी घेऊन ओढ्यावर जायचं, संध्याकाळी पाळीनं स्वयंपाक, रात्री गटचर्चा आणि नंतर कितीतरी वेळ गप्पा. महोत्सवासाठी पथनाट्याच्या, लोकवाद्यवृंदाच्या तालमी आणि मग परगावी मुक्काम. तीन वर्षांच्या शिक्षणातून आठवतात त्या या मोजक्या रात्री. याच मुलींना शिबिरासाठी घरून परवानगी मिळवायला किती रडावं लागलेलं असतं, आणि परत आल्यावर त्या वर्गात कशा वेगळ्या आवाजात बोलतात! हा बदल मी इतक्यांदा पाहिला आहे की तो योगायोग म्हणवत नाही.

साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झालं. यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही रयतची तीन कॉलेजं एकत्र येऊन झालेलं हे समूह विद्यापीठ. शेकडो संलग्न कॉलेजांच्या परीक्षा घेण्यात त्याचा जीव जाणार नाही. विज्ञान, कला, वाणिज्य एकाच शहरात आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात शाखा ओलांडून विषय घेण्याची मुभा आहे. भौतिकशास्त्राच्या मुलीला मराठी नाटक शिकता यावं यासाठी याहून सोयीची जागा जिल्ह्यात दुसरी नाही. अडचण एवढीच की नाटकाचा तास चारला असेल तर तिची गाडी त्याआधीची आहे.

म्हणून या विद्यापीठाकडून आणि सांगलीच्या जुन्या कॉलेजांकडूनही माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. नव्या इमारतीआधी मुलींचं वसतिगृह वाढवा. खोल्या वाटताना एकाच गावची, एकाच नात्यागोत्याची मुलं एका खोलीत येणार नाहीत एवढं पाहा. मेस विद्यार्थ्यांच्या हाती द्या, आणि कमवा व शिका योजनेतल्या मुलांना बागेला पाणी घालण्याबरोबर रात्रीचं ग्रंथालय चालवण्याचंही काम द्या. ते दहापर्यंत उघडं ठेवा. जी मुलं गावाहून येतात त्यांना सत्रातून निदान पंधरा दिवस आवारात मुक्कामाला ठेवण्याची सोय करा, शिबिरासारखी, आणि त्याला श्रेयांक द्या. त्यासाठी पालकांशी बोलायला प्राध्यापकांनी गावी जावं. भाऊरावही मुलं मागायला गावोगाव फिरले होते. आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीला एसटीच्या आगारप्रमुखांना बोलवा. दहिवडी, पाटण, जत, आटपाडी अशा दूरच्या मार्गांवर रात्री साडेआठची एकेक गाडी कॉलेजच्या फाटकापासून सुटली, तर किती मुली नाटकाच्या तासाला थांबतील ते एका सत्रात कळेल.