गोधडी आणि चित्ररूपाचा प्रश्न

जुन्या लुगड्याधोतरांचे तुकडे निवडून, गडद रंगाशेजारी फिका येईल अशा बेताने चौकोन जोडून आणि थरांमधून धावदोरा घालून सिद्ध झालेल्या गोधडीचा रंग कोणता, हा प्रश्न क्षुल्लक भासला, तरी भारतीय तर्कशास्त्राने तो पटाच्या, म्हणजे विणलेल्या वस्त्राच्या, उदाहरणावर फार गांभीर्याने चर्चिला आहे. न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी, म्हणजे भागांपासून घडलेली वस्तू, भागांहून वेगळी असून समवाय या नित्य संबंधाने त्यांत राहते. ती एक, म्हणून तिचे रूपही, म्हणजे रंगही, एकच हवे, आणि त्यामुळेच अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे 7 प्रकार सांगताना पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या, तांबड्या, हिरव्या व कपिश म्हणजे तपकिरी रंगांबरोबर ‘चित्र’, म्हणजे अनेकरंगी, हा स्वतंत्र रंग मोजला. जे चित्र ते एक कसे, हा बौद्ध आचार्य धर्मकीर्तीचा आक्षेप गोधडीला अधिकच लागू पडतो, कारण तिचा प्रत्येक तुकडा आधीच एक पट असतो आणि टाके उसवताच तो पुन्हा सुटा होतो. तरीही तुकडे निवडणारी बाई एखादा सुंदर, धडधाकट तुकडा केवळ शेजारच्यांशी जुळत नाही म्हणून बाजूला ठेवते, तेव्हा ती अजून न घडलेल्या अवयवीच्या बाजूने निर्णय देत असते, आणि नैयायिकांच्या पक्षातील सर्वांत सबळ पुरावा हाच मानावा लागतो. मात्र हा अवयवी प्रथम बुद्धीतच असतो, एवढे बौद्ध पक्षही आनंदाने मान्य करील.