देह, होकार आणि 'खरेपणा'

स्त्रीच्या लैंगिक स्वायत्ततेचा प्रश्न मराठी वैचारिक परंपरेला अपरिचित नाही. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) या निबंधात नीतीच्या दुहेरी मापांचा जाब विचारला, र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य'मधून स्त्रीच्या कामेच्छेचा निःसंकोच पुरस्कार केला. तथापि एक प्रश्न शिल्लक उरतोच : ज्या बंधनाला स्त्री स्वतःच होकार देते, ते त्या होकारामुळे नैतिक ठरते काय?

पिंपरीतील भाटनगराच्या संदर्भात हा प्रश्न मूर्त होतो. विवाहानंतरच्या पहिल्या रात्री वधूची कौमार्यपरीक्षा घेऊन चादरीवरील रक्ताचा डाग पुरावा मानण्याची प्रथा कंजारभाट समाजात चालत आली. २०१७ मध्ये समाजातीलच तरुण-तरुणींनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. जानेवारी २०१८ मध्ये भाटनगरातील एका विवाहप्रसंगी या विरोधकांना मारहाण झाली. या विधीची परिभाषा लक्षणीय आहे. जातपंचायतीपुढे वराने निर्वाळा द्यावयाचा असतो तो 'माल' खरा की खोटा, याचा. वधू या संवादाचा विषय असते; त्यात तिला वाचा नसते. योनिपटलावरून कौमार्य ठरत नाही, हे वैद्यकशास्त्राने स्पष्ट केले आहे. तरीही डागाचे प्रामाण्य टिकते, कारण ते त्याच्या सत्यतेवर नव्हे, तर त्याचा अर्थ लावण्याच्या अधिकारावर उभे असते.

दाऊदी बोहरा समाजातील खतना हे याच नियंत्रणाचे दुसरे रूप. तेथे अजाण मुलीच्या देहावर छेद दिला जातो. होकाराचा प्रश्नच उद्भवत नाही. खतना भावी इच्छेवर अंकुश ठेवू पाहते, कौमार्यपरीक्षा गतायुष्याचा हिशेब मागते. खतनाविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपविली.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वसाहतकालीन कायद्याने ज्यांच्यावर 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का मारला, त्यांना जातपंचायत हाच आधार वाटला असेल, तर बाहेरच्यांनी त्यांना नीती शिकवावी काय? आक्षेपातील इतिहास खरा आहे. परंतु प्रथेची कारणमीमांसा म्हणजे तिचे समर्थन नव्हे. समूहाच्या प्रतिष्ठेचे मोल एकट्या वधूच्या देहाने का चुकवावे, हा प्रश्न त्या समूहातूनच विचारला गेला आहे.

होकाराची कसोटी नकाराच्या शक्यतेत असते. नकार देताच ज्या मुलीचे माहेर वाळीत पडणार, तिचा होकार हा केवळ भीतीचा उच्चार ठरतो. महाराष्ट्रात २०१७ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याचे महत्त्व येथे आहे : तो नकाराची किंमत कमी करतो.

पंचांना उत्तर देण्याचे नाकारणारा वर सहजीवनाचा पहिला नैतिक निर्णय घेतो, यात शंका नाही. परंतु पत्नीचे स्वातंत्र्य त्याच्या औदार्यावर अवलंबून राहिले, तर ते दानच ठरेल. 'नाही' हा शब्द तिला स्वतः, कोणाच्याही कृपेवाचून उच्चारता आला पाहिजे. त्यानंतरच तिच्या 'हो'ला अर्थ येईल.