धूसर दिसतंय? तरी बसा



आजचं चिंतन गीतेच्या ११ व्या अध्यायातल्या ८ व्या श्लोकावर. भगवंत अर्जुनाला सांगतात, तुझ्या या नेहमीच्या डोळ्यांनी मी दिसणार नाही, म्हणून तुला दिव्य दृष्टी देतो.

हा श्लोक वाचला की मला पुष्य नक्षत्र आठवतं. गुरुपुष्य म्हटलं की आपल्या डोक्यात सोनंखरेदीच येते! पण कर्क राशीत, पुष्याच्या तारकांमध्ये, अंधाऱ्या रात्री ढगासारखा एक पुसट ठिपका दिसतो. ग्रीक कवी अरॅटसनं इ.स.पू. ३ऱ्या शतकात त्याचा उल्लेख केला. पुढच्या शतकात हिपार्कसनं 'छोटा ढग' म्हणून त्याची नोंद केली. त्यानंतर १७०० हून जास्त वर्षं गेली. मग गॅलिलिओनं तिकडे दुर्बीण वळवली आणि १६१० साली छापून टाकलं की हा ढग नाहीच, हे ४० हून अधिक छोटे तारे आहेत! आज त्याला एम ४४ म्हणतात. सुमारे ६०० प्रकाशवर्षं दूर, आणि तारे हजाराच्या घरात.

दुर्बिणीनं एकही तारा नव्यानं घडवला नाही. ते आधीपासून तिथेच होते.

तुमच्यातले कितीतरी जण विचारतात, "दादा, रोज जपाला बसतो, पण आत नुसतं धुकं. सोडून देऊ का?" अशा वेळी मला हिपार्कस जवळचा वाटतो. त्याला तारे दिसले नाहीत. पण 'इथे काहीच नाही' असं तो म्हणाला नाही, आणि न दिसलेले तारे दिसले असंही त्यानं लिहिलं नाही. दिसलं तेवढंच टिपलं. साधकाची श्रद्धा याहून वेगळी काय असते?

एक फरक मात्र आहे. दुर्बीण माणसानं बनवली. दिव्य दृष्टी अर्जुनाला दिली गेली. त्यानं ती कमावली नव्हती. त्यानं फक्त मागितलं, तेही 'मला ते पाहणं शक्य आहे असं तुला वाटत असेल तर' अशा नम्रतेनं. कृपा कधी होईल, हे आपल्या हातात नाही. त्या दिशेला तोंड करून बसणं मात्र आहे.

आजचा संकल्प: दहा मिनिटं जप, आणि नंतर वहीत एकच ओळ. जाणवलं तेवढंच लिहा. धुकं असेल, तर धुकं लिहा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.