एका मिनिटासाठी

बजाजनगरची सकाळ दोन घड्याळांवर चालते. एक कंपनीचं, दुसरं शाळेचं. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ इतर कारखाने आले आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी ही वसाहत गजबजली. कितीतरी घरांत आजी-आजोबा गावाकडे आणि इथे नवरा-बायको दोघंही कामावर. मग मुलाला शाळेत सोडणं हे ड्यूटीवर जाता जाता उरकायचं काम होऊन बसतं. स्कूटीवर पुढे दप्तर, मागे मूल, शेजारून कंपनीच्या बस आणि माल भरलेले कंटेनर, आणि मोहटादेवी चौकातून कसंबसं वाट काढणं.

ही घाई कितीची असते, याचा एकदा हिशोब करून पाहावा. शाळा दोन किलोमीटरवर असेल, तर ताशी 40 च्या वेगाने तीन मिनिटं लागतात आणि 30 ने चार. म्हणजे जीव मुठीत धरून वाचवलं ते एक मिनिट. त्यासाठी मोजतो काय? ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला जे अंतर लागतं, ते 30 पेक्षा 40 च्या वेगाला जवळजवळ पावणेदोन पट होतं. शिवाय ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते. समोरून धावत रस्ता ओलांडणाऱ्या पोराला ते अकरा मीटर मिळतीलच असं नाही.

हे मिनिट खरं तर रस्त्यावर हरवलेलंच नसतं. ते घरात हरवतं. एक मोजा सापडत नाही, डब्याचं झाकण लागत नाही, हातातला मोबाइल सुटत नाही. घरातली ती कसर आपण रस्त्यावर भरून काढतो आणि तिचा धोका पत्करायला लावतो मागे बसलेल्या मुलाला, पायी चाललेल्या म्हाताऱ्याला, रिक्षावाल्या काकांना. त्यांच्यापैकी कुणालाही आपण विचारलेलं नसतं. नैतिक प्रश्न इथेच आहे. आपल्या अडचणीचा भार दुसऱ्यावर, तोही आपल्याहून दुबळ्यावर, न विचारता टाकायचा का?

चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट, सुरक्षा पट्टा आणि ताशी 40 ची कमाल मर्यादा, असा नियम 2022 मध्ये अधिसूचित झाला. तरी रस्त्यावर दिसतं ते असं, की हेल्मेट असलंच तर बापाच्या डोक्यावर, आणि मूल उघड्या डोक्याने. दंड गाडी चालवणाऱ्याला होतो म्हणून हेल्मेट त्याच्यापुरतं, हा विचार किती भयंकर आहे हे आपल्याला जाणवतसुद्धा नाही.

मागे बसलेलं मूल सगळं पाहत असतं. राँग साइडने घातलेली गाडी, लाल दिव्यावर मारलेला कट, समोरच्याला हासडलेली शिवी. नववीत गेल्यावर तेच मूल स्कूटीची किल्ली मागतं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने झाली. किल्ली देताना हे आठवतं. धडे मात्र आपण पहिलीपासूनच देत आलेलो असतो.

सगळा दोष पालकांवर टाकणंही अन्यायाचं होईल. गेटवर उशीर झाला की पगार कापला जाण्याची धास्ती खरी आहे, अवजड वाहनांची वर्दळही खरी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असं ठरवलं. मुलांची झोप व्हावी हा हेतू चांगला. पण शाळेची वेळ सरकली म्हणजे सकाळ शांत झाली असं नाही. तेवढंच उशिरा उठलं, तर घाई जागच्या जागी राहते. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. ती शेवटची कधी बसली, हे पालक-सभेत विचारावं. गेटसमोर गाड्यांची कोंडी होते, तिचा विषयही तिथेच मांडावा.

जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी एका गल्लीतली लहान मुलं मोठ्या मुलांच्या मागे रांगेने पायी शाळेत जातात. आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरकडे चालत येणाऱ्या दिंड्या पाहणाऱ्या आपल्या वसाहतीला ही रीत परकी वाटू नये. शाळा जवळ असेल तर चार घरांनी पाळी लावावी, रोज एकाने सगळ्या मुलांबरोबर चालावं. दप्तर आणि गणवेश रात्रीच काढून ठेवावा.

इतकं करूनही एखाद्या दिवशी उशीर होणारच. तेव्हा गाडी न पळवता शाळेत जावं आणि मुलादेखत बाईंना सांगावं, ‘आज आमच्यामुळे उशीर झाला.’ चूक कबूल करता येते आणि ती झाकण्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालावा लागत नाही, हे मूल त्या दिवशी शिकेल. पहिला तास बुडाला तरी हा धडा त्याहून मोठा आहे.