सापडलेली वस्तू कोणाची?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान अमेरिकेत टेक्सास प्रांतावर भंगले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण प्राणांस मुकले. शोकाकुलांची आसवे सुकली नव्हती, तोच यानाचे तुकडे म्हणून काहींनी इंटरनेटवर लिलाव मांडला! परंतु हजारो लोकांनी राने तुडवून सुमारे ८४,००० तुकडे गोळा केले. अपघाताचे कारण शोधण्यास तेच उपयोगी पडले.

बंधूचा चुकलेला बैल वा हरवलेले वस्त्र सापडल्यास परत द्यावे, अशी अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आज्ञा आहे. पुरात वाहून आलेले शेजाऱ्याचे भांडे आम्हांपैकी कोणाच्या घरी असेल, तर उपासनेस येण्यापूर्वी आम्ही ते पोहोचते करावे. दुसऱ्याच्या दुःखावर मिळविलेला पैसा दानपात्रात टाकला, तरी प्रभूस तो कसा रुचेल?