पराभवातील कर्तव्य

जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडच्या कसोटी सामन्यात सांगलीचे विजय हजारे यांनी ब्रॅडमन यांच्या बलाढ्य संघाविरुद्ध ११६ व १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय होत. तथापि भारत एक डाव व १६ धावांनी हरला. मग हे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. अनासक्ती म्हणजे बेपर्वाई नव्हे. बेपर्वा फलंदाज फार काळ टिकतच नाही. जय-पराजय अनेकांच्या हाती असतो. समोर आलेला चेंडू मात्र ज्याचा त्यानेच सावधपणे खेळावयाचा असतो. गृहस्थाचेही तसेच आहे. पुत्राने अहोरात्र सेवा करूनही रुग्ण पिता वाचला नाही, तरी त्या सेवेतील एकही रात्र वाया गेलेली नसते.